आरोपीच्या जागेवरून

सैनिकी कायद्यावरचे उत्तम लेखन ओळखायचे कसे? या विषयावर पुष्कळ लिहिले जाते. कलमे, नियम, पोटनियम आणि त्यांवरच्या टीपा यांनी भरलेले जाड ग्रंथ वकिलाला लागतात आणि कोर्ट-मार्शलला बसणाऱ्या अधिकाऱ्यालाही लागतात. पण काही मोजके लेखन असे असते की ते कामापुरते उघडून मिटता येत नाही. सत्ता हातात असलेल्या माणसाने शिक्षा देताना कुठे उभे राहावे, हे ते शिकवते. सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर १९८७ रोजी दिलेला 'रणजित ठाकूर विरुद्ध भारत संघ' हा निकाल मी या मोजक्या लेखनात धरतो. तो न्यायमूर्ती एम. एन. वेंकटचलय्या यांनी लिहिला. सर्वोच्च न्यायालयात त्यांची नेमणूक झाली ५ ऑक्टोबर १९८७ रोजी, म्हणजे निकालाच्या अवघे दहा दिवस आधी. पुढे १९९३-९४ मध्ये ते सरन्यायाधीश झाले आणि त्यानंतर राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचे अध्यक्षही. त्यांच्या नावावर मोठमोठे निकाल आहेत. हा आकाराने लहान आहे. तरीही लष्करी शिस्त आणि न्याय यांच्या नात्याबद्दल आपल्याकडे जे लिहिले गेले, त्यात याची जागा फार वरची आहे.

कथेचे रसग्रहण करताना आपण पहिला प्रश्न विचारतो, की ही कथा सांगतो कोण आणि पाहतो कुठून? निकालपत्राला हा प्रश्न सहसा विचारला जात नाही, कारण न्यायाधीश उच्चासनावरून पाहतो हे आपण गृहीत धरलेले असते. या निकालाचे सारे मोल त्या गृहीताला हात घालण्यात आहे. ते कसे साधले आहे, हे पाहण्यासाठी तो क्रमाने वाचावा लागतो.

सुरुवात अगदी साधी आहे. आसामात तेजपूर येथे मुख्यालय असलेल्या चौथ्या कोअरच्या ऑपरेटिंग सिग्नल रेजिमेंटमधला एक सिग्नलमन. १९७२ मध्ये भरती झालेला, म्हणजे घटनेच्या वेळी बारा वर्षांहून अधिक नोकरी झालेला जवान. आपल्या कमांडिंग अधिकाऱ्याकडून आपल्याला वाईट वागणूक मिळते, अशी तक्रार त्याने थेट वरच्या अधिकाऱ्यांकडे पाठवली. सैन्यात तक्रारीची वाट ठरलेली असते, पायरी सोडून वर जाता येत नाही. ती पायरी त्याने सोडली म्हणून त्याला २८ दिवसांची सश्रम कैद झाली. ही शिक्षा दिली, ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्याच कमांडिंग अधिकाऱ्याने. जवान क्वार्टर गार्डच्या कोठडीत ती भोगत होता. मार्च १९८५ मध्ये, कैदेत असतानाच, ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याने त्याला जेवण्याचा हुकूम दिला. तो जेवला नाही.

एवढाच त्याचा दुसरा गुन्हा. आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम ४१(२) प्रमाणे वरिष्ठाचा कायदेशीर हुकूम मोडणे, असा आरोप ठेवला गेला. दुसऱ्याच दिवशी समरी कोर्ट-मार्शल भरले. एक वर्षाची सश्रम कैद, नोकरीतून बडतर्फी आणि पुढे कोणत्याही सरकारी नोकरीस अपात्र, असा निकाल लागला. जवानाला लगेच तेजपूरच्या मुलकी तुरुंगात नेण्यात आले. मे महिन्यात त्याने वरिष्ठांकडे केलेला अर्ज फेटाळला गेला. उच्च न्यायालयात केलेली रिट याचिका दारातच नामंजूर झाली. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण पोहोचून निकाल लागला, तेव्हा तुरुंगाचे वर्ष भोगून झाले होते.

न्यायमूर्तींचे पहिले लेखनकौशल्य या भागात दिसते. हा मजकूर कोणाच्याही हाती भडक झाला असता. जेवला नाही म्हणून एक वर्षाचा तुरुंग, हे वाक्यच संतापाला आमंत्रण देणारे. न्यायमूर्ती मात्र स्वतः काही म्हणत नाहीत. जवान कमांडिंग अधिकाऱ्याच्या मर्जीत नसावा, इतके संयत निरीक्षण ते नोंदवतात आणि गुन्ह्याचे स्वरूप सांगायची वेळ आली की बाजूला होतात. आरोपपत्राचाच मजकूर ते वाचकासमोर ठेवतात. जवानाचा क्रमांक, त्याची रेजिमेंट, कलम, हुकूम देणाऱ्याचा हुद्दा, आणि शेवटी कृत्य, की जेवण्याचा हुकूम दिला असता त्याने तो पाळला नाही. लष्करी आरोपपत्राची भाषा ठाशीव असते, तिच्यात माणसाला जागा नसते. ती जशीच्या तशी पुढे आल्यामुळे हुकूम आणि शिक्षा यांच्यामधले अंतर वाचकाला आपणहून दिसते. कुणी बोट धरून दाखवावे लागत नाही. लेखकाने गप्प राहण्याची जागा अचूक निवडली, की मजकूर किती बोलतो याचा हा उत्तम नमुना आहे.

समरी कोर्ट-मार्शल म्हणजे काय, हे माहीत असल्याशिवाय पुढचा भाग पुरता उमगत नाही. इंग्रजी अमदानीत, १८५७ च्या उठावानंतरच्या काळात हिंदी फौजेसाठी रुजलेली ही पद्धत. फौजेत शिक्षा लांबली की तिचा धाक जातो, म्हणून झटपट न्यायाची ही सोय. कलम ११६ प्रमाणे कमांडिंग अधिकारी एकटाच म्हणजे कोर्ट. दोन अधिकारी किंवा ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर (जेसीओ) कामकाजाला हजर असतात, पण त्यांना न्यायाधीश म्हणून शपथ दिली जात नाही आणि निकालात त्यांचे मत धरले जात नाही. आरोप ऐकणारा, पुरावा तोलणारा, दोषी ठरवणारा आणि शिक्षा देणारा एकच. कलम १२० प्रमाणे तो लेफ्टनंट कर्नल किंवा त्याहून वरच्या हुद्द्याचा असेल तर एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो, त्याखालच्या हुद्द्याचा असेल तर तीन महिने. म्हणजे न जेवण्याच्या गुन्ह्याला मिळालेले एक वर्ष हे या कोर्टाच्या अधिकाराचे टोक होते. याहून जास्त कैद देणे त्याला शक्यच नव्हते.

राज्यघटनेनेही सैन्याला वेगळे ठेवले आहे. अनुच्छेद ३३ प्रमाणे सैनिकांच्या मूलभूत हक्कांना मुरड घालण्याचा अधिकार संसदेला आहे. अनुच्छेद १३६(२) प्रमाणे कोर्ट-मार्शलच्या निकालावर सर्वोच्च न्यायालयात विशेष परवानगीने थेट अपील येत नाही आणि अनुच्छेद २२७(४) प्रमाणे उच्च न्यायालयाची देखरेख लष्करी न्यायाधिकरणांवर चालत नाही. उरते ती रिट याचिकेची अरुंद वाट. त्या वाटेवर न्यायालय पुरावा नव्याने तोलत नाही, कामकाज कायद्याप्रमाणे झाले का एवढेच पाहते. न्यायमूर्तींना लिहायचे होते ते या चिंचोळ्या जागेत राहून. निकालाचा आवाज कुठेही चढत नाही, त्याचे एक कारण हेही असावे.

युक्तिवादाचा पहिला टप्पा कार्यपद्धतीचा आहे. कलम १३० प्रमाणे कोर्ट भरल्यावर सदस्यांची नावे आरोपीला वाचून दाखवावी लागतात आणि यांच्यापैकी कोणाकडून खटला चालवण्यास तुझी हरकत आहे का, असे विचारावे लागते. तसे विचारल्याची नोंद कागदपत्रांत नव्हती. इथे न्यायमूर्ती एक तत्त्व मांडतात. अधिकार जितका विस्तृत, तितकी तो वापरताना संयमाची गरज मोठी आणि कायद्याने दिलेल्या संरक्षणांचा अर्थ तितका उदारपणे लावला पाहिजे. अमेरिकन न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांच्या लेखनाचा आधार ते इथे घेतात. कार्यपद्धतीची बंधने पाळण्याचा इतिहास हाच मोठ्या प्रमाणात स्वातंत्र्याचा इतिहास आहे, ही ती धारणा.

प्रामाणिक रसग्रहणात कच्चा दुवाही दाखवला पाहिजे. कलम १३० च्या शब्दांत जनरल, डिस्ट्रिक्ट आणि समरी जनरल अशा तीन प्रकारच्या कोर्ट-मार्शलची नावे आहेत. समरी कोर्ट-मार्शल हा चौथा प्रकार, आणि त्याचे नाव तिथे नाही. तिथे कमांडिंग अधिकारी एकटाच कोर्ट असल्याने सदस्यांची नावे वाचण्याची कल्पनाच नीट बसत नाही. म्हणून केवळ या कलमावर निकाल उभा असता तर त्याचा पाया डळमळीत म्हणावा लागला असता. पण तो तेवढ्यावर थांबत नाही. हरकतीची संधी द्यायची कशासाठी, असा प्रश्न मनाशी धरूनच जणू तो पुढे जातो आणि कलमाच्या मुळाशी असलेल्या न्यायाच्या भावनेपर्यंत पोहोचतो. तिथे त्याला जे सापडते, ते समरी कोर्ट-मार्शललाही तितकेच लागू पडते. किंबहुना तिथे ते जास्त लागू पडते, कारण तिथे एकाच माणसाच्या मनावर सारे अवलंबून असते.

तो भाग म्हणजे पक्षपाताची चर्चा. हे या निकालाचे काळीज आहे.

ज्याच्याविरुद्ध तक्रार केली, त्यानेच न्याय करायचा का? सरकारी बाजूचे परिचित उत्तर असे असू शकते, की कमांडिंग अधिकारी शिस्तीचा माणूस आहे, तो वैयक्तिक राग बाजूला ठेवून न्याय करेल. आणि तो खरोखरच तसा असू शकतो. न्यायमूर्ती त्या अधिकाऱ्याच्या मनात शिरून तिथे राग होता की नव्हता, हे शोधत बसत नाहीत. इंग्रजी न्यायपरंपरेतल्या निकालांचा आधार घेऊन ते कसोटीच बदलतात. न्याय करणाऱ्याने स्वतःच्या मनात डोकावून, मी पक्षपाती आहे का, असे स्वतःला विचारायचे नाही, मग त्याने ते कितीही प्रामाणिकपणे विचारले तरी. त्याने समोर उभ्या असलेल्या पक्षकाराच्या मनाकडे पाहायचे. सगळी हकिकत माहीत असलेल्या समंजस माणसाला इथे पक्षपात संभवतो असे वाटेल का, हा प्रश्न.

कायद्याच्या दृष्टीने हा नियम जुना आहे. पण तो क्वार्टर गार्डच्या कोठडीपुढे आणून उभा केला, की त्याला नवे बळ येते. सैन्याची सारी रचना वरून खाली पाहण्याची आहे. हुकूम वरून खाली जातो, अर्ज खालून वर जातो आणि प्रत्येक पायरीवर वरच्याचे मत खालच्याच्या मतापेक्षा वजनदार असते. या रचनेशिवाय युद्ध लढता येत नाही, हे न्यायमूर्तींना मान्यच आहे. पण न्याय करण्याच्या त्या थोड्या वेळापुरती नजर उलटी फिरवावी लागते, असे हा निकाल सांगतो. आरोपीची बाजू घेण्याचा इथे आग्रह नाही. आरोपीच्या जागेवर उभे राहून एकदा पाहायचे आहे. तो दोषी असेल, त्याने हुकूम मोडलाही असेल. तरी त्याच्या जागेवरून समोर कोण दिसतो? ज्याची तक्रार केली तो. ज्याने तक्रारीबद्दल कैद दिली तो. आणि आता त्या कैदेतल्या वागणुकीचा न्याय करायला बसलेलाही तोच. हे दृश्य एकदा आरोपीच्या डोळ्यांनी पाहिले, की खटल्याला कोर्ट म्हणून अस्तित्वच राहत नाही. निकालही तेच म्हणतो. त्या अधिकाऱ्याच्या सहभागामुळे ते कामकाज न्यायाधीशाविना चाललेले कामकाज ठरते.

मराठी वाचकाला नजरेचे हे फिरणे अनोळखी वाटू नये. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूण परिसरात छावणी केलेल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेले पत्र आपण गद्याचा नमुना म्हणून वाचतो. तेही सैन्याला घातलेल्या कायद्याचेच लेखन आहे. त्यात दाणावैरण जपून वापरा, आगीपासून सावध राहा, रयतेला त्रास देऊ नका, असे हुकूम आहेत. पण हुकमांच्या यादीने ते पत्र थोर झाले नाही. फौज बेफिकीर वागली तर कुणब्याला ती कशी दिसेल, तो मनात काय म्हणेल, यांच्यापेक्षा मोगल बरे असे त्याला कसे वाटू लागेल, हे पत्र लिहिणारा राजा कुणब्याच्या जागेवरून पाहतो आणि ते दृश्य अधिकाऱ्यांपुढे धरतो. दोन्ही लेखनांचे काळ वेगळे, प्रसंग वेगळे, अधिकारही वेगळे. पण सैन्याच्या ताकदीखाली असलेल्या माणसाच्या डोळ्यांनी सैन्याकडे पाहणे, हा गुण दोन्हींत आहे. सैनिकी कायद्यावरच्या श्रेष्ठ लेखनाची कसोटी मी याच गुणात शोधतो.

निकालाचा तिसरा टप्पा शिक्षेच्या प्रमाणाचा. रिट याचिकेत न्यायालय निर्णयापेक्षा निर्णयाची प्रक्रिया पाहते, हे न्यायमूर्ती आधीच मान्य करतात. कोणती शिक्षा आणि किती, हे ठरवणे कोर्ट-मार्शलचे काम आहे, हेही मान्य करतात. मग हळूच एक पाऊल पुढे टाकतात. शिक्षा गुन्ह्याला आणि गुन्हेगाराला साजेशी हवी. ती सूड उगवणारी नसावी. ती इतकी अप्रमाण नसावी की सदसद्विवेक हादरावा आणि शिक्षेचा आकडाच पक्षपाताचा पुरावा ठरावा. शेवटचा दुवा मला विलक्षण वाटतो. वाचणाऱ्याला आधी पक्षपात आणि नंतर प्रमाण असे दोन स्वतंत्र मुद्दे वाटत होते. या एका विचारात ते एकमेकांत विणले जातात. एक वर्षाची कैद आणि आयुष्यभराची अपात्रता हे आकडे आता नुसते कठोर वाटत नाहीत, ते कोर्टात बसलेल्या मनाबद्दल बोलू लागतात. इंग्लंडमध्ये लॉर्ड डिप्लॉक यांनी नुकत्याच एका निकालात प्रमाणाच्या तत्त्वाची शक्यता बोलून दाखवली होती. वेंकटचलय्यांनी तिचा धागा उचलला आणि एका सिग्नलमनच्या ताटापर्यंत आणला. पुढे सरकारी नोकरांच्या शिक्षांबद्दलच्या असंख्य प्रकरणांत हा परिच्छेद पुन्हा पुन्हा उद्धृत होत राहिला.

शेवटी कोर्ट-मार्शलचे कामकाज आणि शिक्षा रद्द झाली आणि जवानाला सर्व आर्थिक व सेवाविषयक लाभांसह नोकरीत परत घेण्याचा हुकूम झाला. भोगलेले तुरुंगाचे वर्ष मात्र कोणतेही न्यायालय परत देऊ शकत नव्हते.

या निकालाचे वेगळेपण आणखी स्पष्ट व्हावे म्हणून त्याच्या थोरल्या भावंडाकडे पाहावे. २५ ऑगस्ट १९८२ रोजी न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी लेफ्टनंट कर्नल पृथी पाल सिंग बेदी यांच्या प्रकरणात लिहिलेला निकाल ओजस्वी आणि विस्तृत आहे. तिथे अर्जदारांना दाद मिळाली नाही, कायदा टिकला. पण कोर्ट-मार्शलविरुद्ध एकही अपील नसणे ही उघड उणीव आहे, असे देसाईंनी ठणकावून लिहिले. ब्रिटन आणि अमेरिका यांनी आपले सैनिकी कायदे कसे बदलले हे दाखवले आणि संसदेला साद घातली. शिस्तीच्या वेदीवर न्यायाचा बळी नेहमीच देता येणार नाही, अन्याय्य निर्णय शिस्तीलाही पोखरतो, हा त्यांचा मुख्य विचार. देसाईंचे लेखन सभेत उभ्या राहिलेल्या वक्त्याचे आहे, त्याला संसदेने ऐकावे अशी इच्छा आहे. वेंकटचलय्यांचे लेखन एकाच माणसाकडे पाहणारे आहे. पहिल्याने व्यवस्थेतली उणीव दाखवली, दुसऱ्याने त्या उणिवेत सापडलेल्या एका जवानाचा हात धरला. दोन्ही वाचल्याशिवाय भारतातल्या सैनिकी न्यायाचा अर्थ लागत नाही.

देसाईंच्या सादेला प्रतिसाद यायला पंचवीस वर्षे लागली. सशस्त्र दल न्यायाधिकरण कायदा २००७ मध्ये झाला आणि २००९ मध्ये न्यायाधिकरण सुरू झाले. मुंबईतही त्याचे खंडपीठ आहे. समरी कोर्ट-मार्शलमध्ये बडतर्फी किंवा तीन महिन्यांहून अधिक कैद झाली असेल, तर आज जवान तिथे दाद मागू शकतो. पुरावा, निष्कर्ष आणि शिक्षा तोलणारा कोणी तरी आता आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर या भागांत घराघरातून मुले फौजेत जातात. त्यांच्या आईवडिलांना या निकालांची नावेही माहीत नसतील, पण त्यांच्या मुलांच्या हक्काची वाट या लेखनाने रुंद केली आहे.

कायद्याच्या लेखनाला मिळणारी खरी पावती म्हणजे पुढच्या निकालांनी त्याचा आधार घेणे, आणि ती या निकालाला भरभरून मिळाली. पण उद्धृत होताना परिच्छेद सुटे होतात. पक्षपाताचे तत्त्व एकीकडे जाते, प्रमाणाचे तत्त्व दुसरीकडे, आणि आरोपपत्राचा तो कोरडा मजकूर, संयत सुरुवात, एकेक पाऊल पुढे जाणारी मांडणी मागेच राहते. म्हणून या निकालाचा गौरव करायचा तर तो सबंध वाचला पाहिजे, विधी महाविद्यालयांत आणि त्याहून अधिक, अधिकारी घडवणाऱ्या अकादम्यांत.

कारण हा निकाल जवानाच्या कामाचा आहे, तसा कमांडिंग अधिकाऱ्याच्याही कामाचा आहे. शेकडो माणसांचे जगणे-मरणे ज्याच्या हुकमावर चालते, त्याला ती माणसे भीतीने मानतात की विश्वासाने, यावर पलटणीची ताकद ठरते. आपल्याविरुद्ध तक्रार करणाऱ्या जवानाचा खटला दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवणाऱ्या कर्नलचा अधिकार तसूभरही कमी होत नाही. उलट सबंध रेजिमेंटला कळते, की इथे हुकूम कडक आहे आणि न्याय कुणाच्या रागावर चालत नाही. अशा अधिकाऱ्याने दिलेली शिक्षा दोषी जवानही मान खाली घालून स्वीकारतो. शिस्त टिकते ती याच स्वीकारावर, आणि हे पटवून देणारे याहून नेमके लेखन मी आपल्या सैनिकी कायद्यात वाचलेले नाही.